एक फाइल, एक बैठक

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. प्रत्यक्ष घातला असता तर हे पत्र जमिनीवरूनच लिहावं लागलं असतं.) तुझा खोकला थांबला असेल आणि भाऊजींना सोयीपुरतं ऐकू येत असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत आहेत. माझं पुढे लिहितो.

मागच्या महिन्यात लेकीकडे बाळाला बघायला गेलो, चटईवर मांडी घालून बसलो, आणि मला उठवायला जावईबापूंना शेजाऱ्यांची मदत घ्यावी लागली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. (आपल्या घरात माझं चांगलं सोडून सगळं कानावर येतं.) त्यानंतर बाळाला घ्यायला मी हात पुढे केले, तर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं बघा." ताई, तीन आठवड्यांचं नातवंड आणि आजोबांनी नुसतं बघायचं! मला ते फार लागलं.

फोनवर दोनशे बैठकांचा एक कार्यक्रम सापडला. पहिल्या दिवशी दहा, मग रोज पाच वाढवायच्या. घाई करायची नाही असं त्यात तीनदा बजावलं होतं, आणि मी घाई केली नाही हे आधीच सांगून ठेवतो. घरी तुझी भावजय दारात उभी राहून हसते, म्हणून ऑफिसातली रेकॉर्ड रूम निवडली; जेवणाच्या सुट्टीत तिथे कोणी नसतं. अडचण फक्त मोजण्याची. सदतीसच्या पुढे माझं मन भरकटतं. म्हणून युक्ती काढली : खाली बसलं की तळाच्या खणातली एक फाइल उचलायची, उठलं की वरच्या रिकाम्या खणात ठेवायची. एक फाइल, एक बैठक. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरावा लागायचा; दुसऱ्या आठवड्यात नुसतं कठड्याकडे बघून उतरायचो. एकोणिसाव्या दिवशी बरोब्बर शंभर झाल्या.

त्याच दुपारी साहेबांनी एक जुनी फाइल मागितली. आमच्या रेकॉर्डच्या बाई (सव्वीस वर्षं तिथेच आहेत, चष्मा न लावता हवी ती फाइल काढतात) सवयीने खाली वाकल्या आणि त्यांच्या हाताला नुसती धूळ लागली. चोरी झाली असं वाटून त्या मटकन स्टुलावर बसल्या. आता रडतात की काय असं दिसलं, तेव्हा मी खरं काय ते सांगितलं. रडू लगेच थांबलं. "जशा होत्या तशा लावून द्या," बाई म्हणाल्या, "उद्या संध्याकाळच्या आत."

दहा, पंधरा, वीस करत एकोणीस दिवसांत मी एक हजार पंचेचाळीस फायली वर नेल्या होत्या. म्हणजे खाली आणायला तितक्याच बैठका, आणि हातात दीड दिवस. स्टुलावर बसून लावाव्यात म्हटलं, तर स्टुलावर बाई बसलेल्या. त्या एकेक नंबर पुकारत होत्या आणि मी उठत-बसत होतो. घाई करू नये ही सूचना मी त्यांना फोनमधून वाचून दाखवली. काही उपयोग झाला नाही.

सांगायचं एवढंच, की दोनशेचं ठरलं होतं, मी त्याच्या पाचपट केल्या, आणि आता अगदी ठणठणीत आहे. भाऊजींना हे एवढं मोठ्याने वाचून दाखव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : बाबांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा आणलेली ती भोकाची खुर्ची तुझ्याकडे माळ्यावर असेल. मिळेल त्या गाडीने पाठव. भाऊजींनी विचारलं तर शेजाऱ्यांना हवी आहे म्हणून सांग.

आणखी एक ता. क. : पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात लेक बाळाला घेऊन आली. मी फरशीवर भिंतीला टेकून बसलो होतो. (सकाळपासून.) म्हणाली, "बाबा, खालीच बसलायत ना, मग घ्या याला जरा." दोन तास बाळ माझ्या मांडीवर झोपलं. ताई, मला रडू आवरेना. बाळाची झोप मोडू नये म्हणून बाबा जागचे हललेसुद्धा नाहीत, असं ती जावईबापूंना फोनवर कौतुकाने सांगत होती. रविवारी पुन्हा येणार आहे. खुर्ची त्यानंतर पाठवलीस तरी चालेल.