प्लास्टरचा पुरावा

३ मार्च

चि. बंधूस थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

वकील नको, केस स्वतःच लढणार, असं लिहितोस. तुझ्या पोरीचा, चिमणीचा, जिन्यावरून पडून मोडलेला हात त्या सर्जनने घट्ट प्लास्टरात आवळला, तीन दिवस उघडून पाहिला नाही, शेवटी मनगटापासून कापला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बाबा रे, शास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. कोर्टात त्यालाही शिक्का लागतो. दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत घे, वकील गाठ. पुतळ्यांचे साचे ओतणारा तू, प्लास्टर तुला कळतं, कोर्ट नाही. आणि राग आवर. लहानपणी चेंडू दिला नाही म्हणून माझा दात पाडलास. अजून 'स' जपून उच्चारतो मी.

लोभ आहेच, डोकं तेवढं थंड ठेव.
तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

हे कोठडीतून लिहितोय. कोर्टात सर्जनच्या वकिलाने विचारलं, वैद्यकी किती वर्षं शिकलात. म्हटलं, प्लास्टर वीस वर्षं ओततोय. सगळे हसले. न्यायाधीश म्हणाले, तज्ज्ञाचं मत नाही, तर तुमचं बोलणं पुरावा होत नाही. म्हटलं, मग दाखवतोच.

साचा बांधायची दोरी खिशात होती. सर्जनचं मनगट टेबलावर दाबलं, वेढे दिले, आत फूटपट्टी खुपसून पिळत गेलो. बोटं लाल झाली, मग जांभळी. शिपाई धावला, त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. दोन दात कागदांवर पडले. सर्जनचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटून फुटलं, तरी मी पिळतच होतो. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा थांबलो.

चिमणीला आणि तिच्या आईला तुझ्याकडे ने. पोरीला यातलं कळू देऊ नकोस.

लोभ असू दे. मागायला तोंड नाही.
धाकटा

२६ मार्च

चि. बंधूस आशीर्वाद.

दोघी माझ्याकडे आहेत. वकील दोन केले: एक तुला सोडवायला, एक चिमणीचा दावा वाचवायला. दुसऱ्याने हात टेकलेत. समोरचा वकील आता म्हणतो, असा बाप. पोरीचा हात यानेच पिरगाळून मोडला असेल. आणि तुझ्या पिरगाळण्याचे साक्षीदार कोण, तर सगळं कोर्ट. एरवी मी इथे टोमणा मारला असता. आज सुचत नाही.

चिमणीला कळलं. अकरा वर्षांची पोर, वर्तमानपत्र वाचते. रडली नाही. एवढंच विचारलं, की दोरी सैल करा, असं डॉक्टर कोर्टात किती वेळा म्हणाले, आणि बाबांनी ऐकलं का. मी चष्मा पुसत बसलो. ती म्हणाली, मी तर तीन दिवस म्हणत होते.

तिला उत्तर तूच लिही. मी नुसतं वाचून दाखवीन.

दादा