सगळ्यांनाच पिवळ्या टोप्या

सलोनी,

रेवा सुखरूप आहे, माझ्याबरोबर शिवणवर्गावर. ऑफिसात घाबरशील म्हणून फोन केला नाही.

दुपारी तिला शिबिरातून आणायला गेले, तर तिथल्या ताईंनी हसत हसत दुसरीच मुलगी माझ्या हाती दिली! म्हटलं, "अहो, ही आमची नव्हे!" तर म्हणतात, "पिवळी टोपी आहे की!" सगळ्यांनाच पिवळ्या टोप्या, सलोनी! शेवटी मीच आत जाऊन रेवाला शोधून आणलं. तिथे रोबो आहे, घोडा आहे; मुलांची नावं तेवढी कोणाला ठाऊक नाहीत.

उद्यापासून रेवा माझ्याकडेच बटणं निवडेल. तू स्वतःला बोल लावू नकोस, मलाही शिबिर आवडलंच होतं.

ती पोर निमूट माझं बोट धरून निघाली होती गं. तिची आई येईपर्यंत मी फाटकातून हलले नाही.

मावशी