गाडी थंड होईपर्यंत

११ फेब्रुवारी

आला. म्हणजे फाटकातून आत आला. वर यायला अवकाश आहे.

गाडी जागेवर लावली, दिवे घालवले, इंजिन चालूच. टर्बोची गाडी आल्या आल्या बंद करायची नसते — गाडी घेतली त्याच दिवशी नवऱ्याने हे मला शिकवलं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो आतून लालबुंद झालेला असतो. लगेच बंद केलं की तेल थांबतं, जळतं, पंखा अडकतो. म्हणून पाच मिनिटं नुसतं बसून राहायचं. टर्बोला थंड होऊ द्यायचं.

टर्बो थंड होतो तोवर वर जेवणही थंड होतं. पूर्वी मी ताटावर झाकण ठेवायचे. आता ठेवत नाही. गार खा.

दोनच सीटांची गाडी. घेतली तेव्हा घरात माणसं तीन होती. यावरून काय ते समजावं.

१६ फेब्रुवारी

रविवार. म्हणजे गाडीवाल्यांचा ग्रुप. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात सकाळी सातला सगळे जमतात आणि एकमेकांची बॉनेटं उघडून आत बघत बसतात. घरच्या सिंकखालचा पाइप तीन आठवडे गळतोय, त्याच्यात कोणी डोकावत नाही.

तिथेही जातीपाती आहेत. टर्बोवाले सगळ्यात वर. सुपरचार्जरवाले खाली. दोन्हीचं काम एकच — इंजिनात जास्त हवा कोंबायची, म्हणजे जास्त ताकद. पण सुपरचार्जर धुरावर नाही फिरत, इंजिनालाच पट्टा लावून फिरवतात. म्हणून टर्बोवाले त्यांना 'पट्टेवाले' म्हणतात. साहेबाचा चहा आणणारे. आणि तिसरे ते सोवळ्यातले — त्यांच्या मते इंजिनाला असं काहीही लावणं म्हणजे चोरीच.

आमचे महाशय टर्बोवाल्यांचे मुख्य वक्ते. "वाया जाणाऱ्या धुरातून फुकटची ताकद! पट्टेवाले काय करतात? इंजिनाचीच ताकद खातात आणि इंजिनालाच देतात." हे भाषण मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

इंजिनाचं खाऊन इंजिनालाच द्यायचं. म्हणजे माझ्याच पगारातून मला वाढदिवसाची भेट. ते मला कोणी समजवायला नको.

१७ फेब्रुवारी

टर्बोची एक खोड आहे. पाय दाबला की लगेच ताकद येत नाही. आधी धूर जमायला हवा, मग पंखा फिरायला हवा, मग गाडी उसळते. याला 'लॅग' म्हणतात.

ह्याला पाइपाचं विचारलं शुक्रवारी. उत्तर आज आलं. "बघतो."

२ मार्च

टर्बो गेला!

इतकी वर्षं रोज पाच-पाच मिनिटं बसून थंड केला, शेवटी गेलाच. बेअरिंग. टो करून आणली गाडी. हा सोफ्यावर असा बसला होता की शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "कोणी वारलं का गं?"

गॅरेजवाला — सगळे त्याला पाना म्हणतात, खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल — म्हणाला, या जुन्या मॉडेलचा टर्बो आता मिळायचा नाही. पण कुणा गिऱ्हाइकाने अर्ध्यात सोडलेला सुपरचार्जर पडून आहे, चालत असेल तर बसवतो.

सुपरचार्जर. ह्याच्या गाडीला. मी स्वयंपाकघरात जाऊन हसून आले.

२० मार्च

बसवला. आणि आज मला म्हणाला, "चल, एक चक्कर मारू." मला! मी दातांच्या लॅबमधून नुकतीच आले होते, बोटांना प्लास्टरची पूड तशीच. दिवसभर लोकांच्या दातांच्या कॅपा घासायच्या आणि संध्याकाळी चक्कर. पण गेले.

बाहेरच्या सरळ रस्त्याला ह्याने पाय दाबला आणि गाडी त्याच क्षणी निघाली. थांबणं नाही, वाट बघणं नाही. पुढून एक बारीक किणकिणता आवाज, पाय दाबला की चढतो, सोडला की उतरतो. हा हसत होता. "बघितलंस? विचारायचा अवकाश! दाबलं की हजर!" इतक्या वर्षांत मी ह्याला असं हसताना बघितलं नव्हतं. म्हणत होता, उगाच शिव्या दिल्या आपण पट्टेवाल्यांना.

खरं सांगते, मलाही आवडलं.

फाटकाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "एवढा उत्साह घरात दाखव कधीतरी."

हसू गेलं. गाडी लावली. म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच." मी वर आले. तो इंजिन चालू ठेवून बसला खाली.

२७ मार्च

आज खाली जास्तच वेळ. विचारलं, हे नवीन आलंय त्यालाही थंड व्हावं लागतं का?

"लागतं. जरा जास्तच."

बरं बाबा.

६ एप्रिल

आज ग्रुपला मला घेऊन गेला. स्वतःहून. पहिल्यांदा वाटलं सुपरचार्जरने माणूसही बदलला की काय. तिथे गेल्यावर कळलं, ह्याला सोबत हवी होती. भित्र्याला अंधारात लागते तशी.

बूस्टराव म्हणून एक आहे, ग्रुपचा ॲडमिन. टर्बोच्या ताकदीचा आकडा टी-शर्टवर छापून घालतो. त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि ह्याला म्हणाला, "उघडा बॉनेट, वक्तेसाहेब." ह्याने उघडलं. आणि मग काय ते खिंकाळणं. "पट्टा बांधला हो आमच्या मास्तरांनी! चहा सांगा कुणीतरी ह्यांना!" एकाने खरंच कागदी कप आणून ह्याच्या हातात दिला. हा समजावत होता — रोजच्या रस्त्याला हे बरं आहे, लॅग नाही, एकदा चालवून तर बघा. चालवून कोणी बघितली नाही. ज्यांना ह्याने चार वर्षं शिकवलं ती पोरंसोरं पाठ फिरवून दुसऱ्या गाडीकडे गेली. हा रिकामा कप धरून उभा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या नवऱ्याला बोलायचं तर मी बोलेन. हे कोण टिकोजी?

पण परत येताना गाडीत तोंडातून निघालं ते, "मी सांगतच होते, या लोकांच्या नादी लागू नकोस." हा काही बोलला नाही. गाडी मात्र पाय दाबला की बोलत होती.

८ एप्रिल

ग्रुपमधून काढलं ह्याला. काल रात्री ह्याने भलामोठा मेसेज लिहिला होता, दोन्हीचे फायदे-तोटे, अगदी पोटतिडकीने. सकाळी बूस्टरावांनी खाली एक चहाच्या कपाचं चित्र टाकलं आणि ह्याला काढलं. एवढंच.

लेकीने होस्टेलवरून फोन केला तर तिला म्हणाला, "मीच सोडला गं. वेळ कुठे असतो?"

२५ एप्रिल

आज लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते.

माझ्या गाडीचे — माझी साधी, चार सीटांची, लोकांना न्यायची-आणायची — ब्रेक वाजत होते म्हणून लॅबमधून परस्पर पानाकडे गेले. त्याने स्टूल दिलं बसायला. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमच्या त्या सुपरचार्जरने आमच्या जेवणाचं वाटोळं केलं. टर्बोला पाच मिनिटं तरी होती, आता हे तासभर बसतात खाली, थंड करत."

पाना चाकाखालून बाहेर आला. "काय थंड करत?"

"सुपरचार्जर."

"त्याला कशाला थांबायला लागतंय वहिनी? तो काय धुरावर तापतोय? पट्ट्यावर फिरतोय. चावी फिरवली की बंद, निघा घरी. बसवला त्याच दिवशी मी साहेबांना म्हटलं होतं — चला, तुमची ती खाली बसायची पीडा गेली."

"काय म्हणाले?"

पाना आठवायला लागला. मग त्याला माझं तोंड दिसलं असावं. फडक्याला हात पुसत म्हणाला, "काही नाही. हसले."

ब्रेक आता वाजत नाहीत.

२६ एप्रिल

जेवताना सहज विचारलं. अगदी सहज, मीठ मागावं तसं. "अजून थांबावंच लागतं का रे रोज?"

"हो ना. नाहीतर तेल जळतं."

हातातला घास खाली न ठेवता. डोळ्याला डोळा देऊन. दिवसभर मी लोकांचे खोटे दात बनवते, इतके हुबेहूब की घरच्यांनाही कळू नयेत. पण हे काम माझ्याहून सफाईदार.

मी म्हटलं, "भात घे अजून."

३० एप्रिल

कोणीतरी असणार. फोनवर बोलत असणार. दुसरं काय?

आज तो यायच्या आधीच खाली गेले, मीटरच्या खोलीच्या दाराआड उभी राहिले. चोरासारखी, ह्या वयात! गाडी आली. दिवे गेले. तिथून तो मला नीट दिसत होता, हातभर अंतरावर.

फोन काढला नाही. रेडिओ नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि समोर भिंत. भिंतीकडे बघत होता. मग वाकून वर बघितलं — आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. दिवा चालू होता. पुन्हा भिंत.

कोणी असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं.

मी मागच्या जिन्याने वर आले. तो आला तेव्हा मी म्हटलं, "झाली का थंड?"

"झाली."

४ मे

ताईला फोन केला. सगळं नाही सांगितलं, निम्मं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ती गाडी म्हणजे सवतच. घालव घराबाहेर." ताईचं सोपं असतं. पण बरोबर आहे. बसायला जागा आहे म्हणून बसतो. कोपरा मिळाला की पोरं रुसतात, कोपराच काढून घेतला की येतात मुकाट. गाडीच नसेल तर बसणार कशात? यावंच लागेल वर.

रात्रीपर्यंत थांबले नाही. तो आल्या आल्या म्हटलं, "ती गाडी काढून टाक. मला नको आहे ती इथे."

मला वाटलं भांडेल. कारण विचारेल. मी सगळी तयारी करून उभी होते — पाना काय म्हणाला, मी कुठे उभी होते, सगळं. भांड की मेल्या एकदा! भांडलास तर मीही बोलेन, मग होऊन जाईल काय व्हायचं ते.

म्हणाला, "बरं."

आयुष्यात पहिल्यांदा विचारल्या क्षणी उत्तर. लॅग नाही, काही नाही.

१८ मे

गेली गाडी. घेतली कोणी? बूस्टरावांनी. स्वतः आले होते, तोच टी-शर्ट. माझ्यासमोर बॉनेट उघडून म्हणाले, "हे पट्ट्याचं काढून टाकू आधी. कुठूनतरी जुना टर्बो शोधतो. चांगल्या गाडीची काय दशा केलीत राव." हा म्हणाला, "हो, टर्बोच बरा." चार वर्षं केलेलं ते भाषणही गेलं, आणि दोन महिने केलेलं हेही. नुसतं 'टर्बोच बरा.'

जाताना बूस्टरावांनी गाडी फाटकाबाहेर वळवली, तेव्हा तो किणकिणता आवाज आला एकदा. हा ऐकत उभा होता. मीही.

रात्री पाइप दुरुस्त केला ह्याने. न सांगता. मनात म्हटलं, जिंकले मी.

१९ मे

आज बसने आला. फाटकातून आत शिरताना मी खिडकीतून बघितला आणि ताट वाढायला घेतलं. आता दोन मिनिटांत दारात. आज सगळं गरम.

वाढून झालं. बेल वाजली नाही.

पुन्हा खिडकीशी गेले. आमच्या गाडीच्या रिकाम्या जागेत उभा आहे. जिथे त्याची सीट यायची तिथेच, तेलाच्या डागाशेजारी. खांद्याला पिशवी तशीच. तोंड भिंतीकडे.

मी स्वयंपाकघरातला दिवा घालवला. ताटावर झाकण ठेवलं आहे.