पालथे ताट

भोईवाडा, परळ
१४ डिसेंबर २०१६

प्रिय गुणाजी,

चौतीस वर्षांनी लिहितो आहे. आधी बातमी देतो, पत्राचे कारण मागाहून सांगेन.

आपल्या गिरणीच्या साळखात्यात आपण कापड विणायचो, तिथे आता जपानी उपाहारगृह आहे. नातीला नोकरी लागली म्हणून तिने मला तिथे जेवायला नेले. थाट मोठा, दर मात्र बेताचे. आणि जपानीपणही सोयीपुरते, कारण भाताच्या मुटक्यांवर कैरीची चटणी होती. मी खांब दोनदा मोजले. आमचे टेबल चौथ्या खांबापाशी होते. म्हणजे तुझे दोन साचे, ते दोन माग, चालत, नेमके तिथे.

प्रत्येकापुढे एक काळा वाडगा पालथा मांडलेला होता. वाढणाऱ्या मुलीने माझा सुलटा केला, त्यात कढण ओतले आणि विचारले, आजोबा, काड्या जमत नसतील तर चमचा देऊ का? मी वाडगाच तोंडाला लावला. सुक्या माशाचा तो वास थेट मालनच्या खाणावळीतला होता.

तिथली रीत तुला सांगायला नको. प्रत्येकाच्या पितळी ताटावर त्याचे नाव ठोकलेले. संपात जो कामावर गेला त्याचे ताट पालथे घालायचे. संपाच्या अकराव्या महिन्यात तू कामावर गेलास. मालन म्हणाली, त्याची पोर राधा तापाने निपचित पडली आहे, एवढे ताट राहू द्या. मी तेव्हा संध्याकाळी कायदा शिकत होतो. मी तीन मुद्दे मांडले. मग मी स्वतःच्या हाताने तुझे ताट पालथे घातले. तू आलास, पाहिलेस आणि एवढेच म्हणालास, "कोंडीराम, तुजा सगळा बरोबर आसा. पण माका भूक लागली हा." हा प्रतिवाद होत नाही, असे मी तेव्हा ठरवले. तू उंबऱ्यावरूनच गावी निघून गेलास.

खाणावळ मोडताना मालनने ते ताट माझ्या हाती दिले. इतकी वर्षे फळीवर ते तसेच पालथे होते. त्या मुलीने वाडगा किती सहज सुलटा केला. मला ते जमले नव्हते. घरी येऊन ताट चिंचेने घासले. नाव अजून स्पष्ट वाचता येते. माझे तीनही मुद्दे आजही खोडता येतील असे मला वाटत नाही; तरीही मी केले ते चूक होते. माझी बायको रमाबाई विचारते आहे, हे तिसरे ताट कोणासाठी काढले. तिला काय सांगू, हे विचारण्यासाठी हे पत्र. भुकेला ये.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
कोंडीराम