तांदळाच्या डब्यातली किल्ली

ताई,

सोनोग्राफी झाली. अंडाशयावरची गाठ आपोआप जिरली! पाण्याचीच होती, म्हणून तर डॉक्टरीणबाई थांबू या म्हणाल्या होत्या. ऑपरेशन नाही, गोळ्या नाहीत. पुन्हा पोटात जोराची कळ आली, तर मात्र लगेच जायचं.

गाठीला पीळ पडेल म्हणून तू कुलूप घातलेली माझी सायकल घेऊन निघालेय. पुलापलीकडे जाऊन येते. काळजी करत बसू नकोस.

आणि वेडाबाई, किल्ली तांदळाच्या डब्यात लपवतात का? भात रोज मीच लावते ना! पहिल्याच दिवशी वाटीत आली. तुझा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून रोज पुन्हा खोल पुरून ठेवायचे.

आज भात तू लाव. डब्यात आता नुसते तांदूळच आहेत.

— धाकटी