खाटेवर कोण होतं

५ जानेवारी, सोमवार

तीन वर्षं काय करत होतात म्हणे! काय करणार? जगत होते. शेजारची कोकिळा सांगते, होस्टेलच्या मॅडम सगळ्यांना हेच विचारतात. अहो, मुलींचा भात शिजवायला बाई पाहिजे ना तुम्हाला? मग भाताचं विचारा. मधली वर्षं कुठली काढता? तांदळाला विचारतं का कोणी, कणगीत किती दिवस लोळत होतास?

कोकिळा तिथंच अलिबागला झाडू-पोछा करते. तिनंच सांगितलं जागा आहे म्हणून. वर शहाणपण शिकवते. रंगू, मॅडम चांगल्या आहेत, खरं काय ते सांग. जशी मी खोटं बोलतेच!

माझं सगळं सरळ आहे. कोळंबी सोलायच्या शेडवरचं काम मी सोडलं नाही. सुपरवायझर म्हणाला हात चालव. मी त्याच्यापुढं टोपलं ठेवलं, म्हटलं तू चालव, आणि घरी आले. किहीमच्या बंगल्यावरचं पण सोडलं नाही. तिथल्या बाई चमचे मोजायच्या. एक दिवस मीच मोजून त्यांच्या हातात दिले. मग ताप आला, सांधे धरले, अख्खा पावसाळा खाटेवर गेला. मग बरी झाले. मग बाकीचं राहून गेलं.

ठरवलं. खरंच सांगायचं. भीती कोणाची आहे?

६ जानेवारी, मंगळवार

उद्यापासून सासूच्या आधी उठायचं. कामावर जायचं तर सवय पाहिजे.

७ जानेवारी, बुधवार

उठले तेव्हा सासू बाजारात गेली होती. चहा झाकून ठेवला होता. गार. हाक मारून जायला काय झालं होतं?

बुधवारी लोकांना वशाट लागतं, म्हणून ती अंधारातच टोपली घेऊन निघते. बोंबील, जवळा, सुकट. सत्तरी कधीच गेली, पण बाजारातली कडेची जागा सोडत नाही. नवरा बोटीवर, आला तर आला. म्हणजे घर चालतं कशावर ते उघड आहे. मी कधी नाही म्हटलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार. दुपारी

इंटरव्ह्यू झाला. चांगला झाला. फारच चांगला झाला.

खरं सांगायचं म्हणूनच गेले होते. देवाशप्पथ. पण त्या नूतन मॅडम एवढ्या गोड बोलल्या की माझा तोलच गेला. कोणी अंगावर आलं तर मला बोलता येतं. गोड बोलणाऱ्यापुढं काय करायचं? म्हणाल्या, रंगूताई, मध्ये तीन वर्षांची गॅप दिसते, काही अडचण होती का? मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, सासू आजारी होती.

मग थांबता येईना. अंथरुणाला खिळली होती म्हटलं. तिला पेज भरवायचे. केस विंचरून द्यायचे. कूस बदलायला उठायचे. गरम विटेनं सांधे शेकायचे. मॅडमनी विचारलं, आता कशा आहेत? म्हटलं, गेल्या.

मला रडूच आलं. खरं रडू. मॅडमनी पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, याला गॅप काय म्हणायचं, ही तर सेवा. तेव्हा मलाही वाटलं, केली की काय मी सेवा?

रिक्षात विचार केला. तसं बघितलं तर यात खोटं काय आहे? पेज खरी. वीट खरी. केस विंचरणं खरं. खाटेवर कोण होतं आणि वीट कोणाच्या हातात होती, तेवढं इकडचं तिकडं झालं. आणि ती गेली म्हटलं ते. ते जरा जास्त झालं.

कोणाला कळणार आहे? मॅडम अलिबागच्या. सासू थळची.

९ जानेवारी, शुक्रवार

सासूला आज स्वतः चहा करून दिला. कपाळाकडं बघून म्हणाली, ताप हाय का गं?

११ जानेवारी, रविवार

लिहू नये असं झालंय. पण घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून लिहिते.

सासू बाजारातून आली. टोपली ठेवली, पाय धुतले, पाटावर बसली. म्हणाली, रंगू, माझ्या बाराव्याला काय केलं होतंस? मटण केलंस का डाळीवर भागवलंस?

मी म्हटलं, कोणाच्या बाराव्याला?

त्या नूतन मॅडम तिचं जुनं गिऱ्हाईक निघाल्या. वर्षानुवर्षं जवळा तिच्याचकडून नेतात. नाव माहीत नाही, नुसतं मावशी म्हणतात. आज सहज बोलल्या, मावशी तुम्ही थळच्या ना, तुमच्या गावची एक रंगू काम मागायला आली होती, हरेश्वर खलाशाची बायको. बिचारीची सासू अंथरुणात गेली हो. असं म्हणून सगळं सांगितलं. पेज, वीट, केस, सगळं. सासूनं जवळा मापता मापता स्वतःचं आजारपण ऐकलं, मरण ऐकलं, वर मूठभर जवळा जास्तीचा घातला.

मी विचारलं, तू काय म्हणालीस?

म्हणाली, काय म्हणणार? म्हटलं, व्हय, म्हातारी माझ्या वळखीची होती. सुनेनं लय केलं तिचं. पोरीला लटकवू नका, काम द्या.

मग जेवली. हात धुताना एवढंच म्हणाली, पेज भरवायची तर पातळ लागते. तुझी घट्ट असती. मी खरंच मेले असते.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दोन उलट दिल्या असत्या, विषय मिटला असता.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

कोकिळा तिळगूळ घेऊन आली, म्हणाली काम तुझं झालं. पुढच्या गुरुवारी यायचं. मॅडमकडून सगळं ऐकलेलं दिसतं, जाताना खाटेकडं बघून हसली. म्हणाली, सेवा चालू दे.

कारण सासू खाटेवर होती. बुधवार असून बाजारात गेली नाही. टोपली पालथी घातलेली. विचारलं तर म्हणाली, मेलेली बाई बाजारात कशी बसंल? आज ना उद्या कोणीतरी हाक मारंल, काय गं हरेश्वरच्या आये, तुझी रंगू लागली का कामाला? ती मॅडम समोर उभी असंल. मग तुझं काम गेलं ना. त्यापरीस मी घरी बसते.

मग म्हणाली, चहा टाक.

मी खूप विचार केला, आणि मला वाट सापडली. तिला आराम पाहिजेच होता. मी आता खरोखर सेवा करते. म्हणजे मॅडमना सांगितलं ते खरं होऊन जाईल. फक्त आधी सांगितलं आणि मग केलं, एवढंच. लोक तर सांगून करत पण नाहीत.

१६ जानेवारी, शुक्रवार

पेज केली. घट्ट झाली. केस विंचरायला घेतले तर म्हणाली, केस विंचरतेस का गवत काढतेस? फणी माझ्या हातातून घेतली. कूस बदलायला गेले तर म्हणाली, मना काय झालंय? मी ठणठणीत हाय.

मग दिवसभर दारातून रस्ता बघत बसली. बाजारातल्या बायकांची रिक्षा गेली तेव्हा मान वळवली.

गावभर झालं, हरेश्वरची आई सोनूबाई आजारी आहे. दोघी बिस्किटं घेऊन बघायला आल्या. मी सांगितलं थोडा ताप आहे. ती आत खोकली. मुद्दाम. माझ्यासाठी.

रविवारी मीच टोपली घेऊन बसते. ती काय मोठी विद्या आहे?

१८ जानेवारी, रविवार

एकीनं बोंबील दाबून बघितले, म्हणाली ओले आहेत. मी म्हटलं, मग घरी नेऊन वाळव. दुसरीनं सुकटीचा वास घेतला. मी म्हटलं, अत्तराचं दुकान पुढं आहे. त्यानंतर कोणी आलंच नाही. शेजारच्या बायका सारख्या विचारतात, सोनूबाई कुठंय? तिच्या जागेवर बसले होते पण जागा काही माझं ऐकत नव्हती.

मग नूतन मॅडम आल्या. पदर तोंडावर ओढला तरी ओळखलं. अय्या रंगूताई, तुम्ही इथं? इथल्या मावशी कुठंयत? म्हटलं, गावाला गेल्यात, मी आज राखणीला बसलेय. म्हणाल्या, फार चांगल्या आहेत हो. तुमच्याबद्दल इतकं छान बोलल्या. बोलताना डोळे भरले होते त्यांचे. तुमच्या सासूबाईंच्या अगदी जवळच्या असणार ना?

म्हटलं, हो. अगदी जवळच्या.

आजूबाजूच्या कोळणी ऐकत होत्या. एक पण बोलली नाही. कोळणी, आणि गप्प! बाजारात असं कधी झालं नसेल.

टोपली जशी नेली तशी परत आणली. जड झाली होती.

१९ जानेवारी, सोमवार

तोंडानं सांगता येणार नाही म्हणून इथं लिहिते.

सकाळी सासू उठली, पालथी टोपली सरळ केली, धुतली, उन्हात ठेवली. रिकामीच. मग माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता हाणते. पण आवाज चढवला नाही.

म्हणाली, रंगू, तीन वर्षं मी तुला विचारलं न्हाय, का बसलीस म्हणून. पहिले म्हटलं, पोरीचे सांधे दुखतात. मग म्हटलं, मन लागत नसंल. मग विचारायचं राहूनच गेलं. आता पण विचारत न्हाय. पण मी पाच दिवस बसले तर मना भिंती खायला उठल्या. तू तीन वर्षं कशी काढलीस गं?

मी काय सांगणार? मॅडमनी विचारलं तेव्हा केवढं सुचलं होतं.

मग म्हणाली, तुला काम पाहिजे असंल तर जा गुरुवारी. मी मेलेलीच बरी. मागच्या दारी बोंबील वाळवीन, बाजाराचं नाव काढणार न्हाय. तुझ्यावर राग न्हाय माझा. नायतर त्या मॅडमला जाऊन सांग काय ते, काम देवो न देवो, आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसते. दोन्ही न्हाय होणार.

मी म्हटलं, बघू.

म्हणाली, बघू बिघू न्हाय. बुधवारी गिऱ्हाईक येतंय, मंगळवारी मना टोपली भरायला लागते. उद्या दिवेलागणीपर्यंत सांग, मी जिती हाय का मेलेली.