तोंड लावलेलं

दुबई, रविवार

तीर्थरूप मम्मी, अरिहंतचा पाया पडून जय जिनेंद्र.

फोनवर पप्पा स्पीकर लावून बसतात, म्हणून लिहितोय. तब्येत बरी आहे. तुझे खाकरे संपले. गुडघा काय म्हणतो?

पप्पांनी जुन्नरच्या बाजारात सगळ्यांना मी मोबाइलच्या दुकानात आहे असं सांगितलंय. दुकान व्हेपचं आहे, विजेवरच्या सिगारेटचं. मला पाठवतानाच पप्पांना ते माहीत होतं.

गिऱ्हाइकं ओढून ओढून चिकट झालेले व्हेप आणून देतात. मी त्यांची तोंडाकडची नळी काढतो, कोमट पाण्यात धुतो, कापसाच्या काडीनं आतली थुंकी आणि काळं किटण काढून कोरडी करतो. उष्ट्यात जीव पडतात म्हणून जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी प्यायला आणि ताट लगेच पुसायला तूच शिकवलंस. त्या सवयीमुळे माझं काम सगळ्यात स्वच्छ, असं शेठ म्हणतो. तुझी शिकवण कुठं कामाला आली बघ.

नळी परत जोडली की जळका वास येतो का, ते ओढून बघावं लागतं. प्रत्येक व्हेप, दिवसभर.

लहानपणी माठातल्या लोट्याला तोंड लावलं म्हणून तू मला मारलं होतंस. दिवाळीला येतोय. माझा पेला वेगळा ठेव. पप्पांनी का म्हणून विचारलं, तर हे पत्र वाचून दाखव.

तुझाच,
अरिहंत